‘संख्यात्मक’ की ‘सांख्यिकीय’?

पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापकांनी विचारले आहे की, मायक्रोवेव्ह इंटिग्रेटेड सर्किटमधील घटकांच्या न्यूमरिकल मॉडेलिंगवर, म्हणजे त्यांची वागणूक संगणकावर आकडेमोड करून काढण्यावर, मराठीत व्याख्यान द्यायचे असेल, तर शीर्षकात ‘सांख्यिकीय’ म्हणावे की ‘संख्यात्मक’.

‘संख्यात्मक’च म्हणावे. दोन्ही शब्द ‘संख्या’पासून आले असले, तरी सांख्यिकी म्हटले की नमुने, सरासरी, विचलन आणि संभाव्यता यांचे शास्त्र हाच अर्थ आता रूढ आहे.

अॅल्युमिना या सिरॅमिकच्या पातळ चकतीवर काटकोनात वळणारी, जेमतेम ०.६ मिलिमीटर रुंदीची मायक्रोस्ट्रिप, म्हणजे मायक्रोवेव्ह तरंग वाहून नेणारी धातूची पट्टी, घ्या. वळणाच्या कोपऱ्यात जास्तीची धारिता (कपॅसिटन्स) येते आणि तरंगाचा काही भाग मागे फिरतो, म्हणून बाहेरचा कोपरा तिरका कापतात. तो नेमका किती कापावा, हे विद्युत व चुंबकीय क्षेत्रांची मॅक्सवेलची समीकरणे कागदावर सोडवून हाती लागत नाही. त्यासाठी वळणाभोवतीच्या जागेची बारीक घरे पाडून प्रत्येक घरातील विद्युत व चुंबकीय क्षेत्र संगणकाकडून क्षणाक्षणाला काढून घ्यावे लागते. केन यी यांनी १९६६ मध्ये मांडलेली पद्धत हीच. तीच मापे पुन्हा दिली की तेच उत्तर येते. यादृच्छिकतेला येथे जागाच नाही. मात्र तयार झालेल्या शंभर नगांत पट्टीची रुंदी थोडीथोडी बदलली आणि परावर्तनावर त्याचा परिणाम किती हे पाहायचे ठरले, तर तो अभ्यास निश्चितच सांख्यिकीय होईल. एकाच वळणाला दोन्ही शब्द लागू शकतात, म्हणूनच त्यांची अदलाबदल मला खटकते: चुकीचे शीर्षक वाचून आलेला श्रोता निराळ्याच व्याख्यानाची अपेक्षा धरून बसेल.

‘गुणात्मक’च्या विरुद्धार्थीही ‘संख्यात्मक’ वापरतात, हा आक्षेप खरा आहे. पण पुढे ‘प्रतिमान’ (मॉडेल) आले की संदिग्धता बरीचशी मिटते. ‘अंकीय’ हा शब्द डिजिटलसाठी आधीच खर्ची पडला आहे.

आता ‘मॉडेल’. दिवाळीत अंगणात मुले मातीचा सिंहगड करतात, ती प्रतिकृती. तिच्यात रूप जपलेले असते. प्रतिमानात रूप नसले तरी चालते, वागणूक मात्र हुबेहूब उतरावी लागते. पुण्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मॉन्सूनसाठी चालवतात ती मॉडेलेही मुळात याच जातीची आहेत.

‘मॉडेलिंग’साठी ‘प्रतिमानीकरण’ असा जड शब्द घडवण्याऐवजी मराठीच्या वळणाचे साधे अनेकवचन मला अधिक पटते: ‘मायक्रोवेव्ह एकात्मिक मंडलांतील घटकांची संख्यात्मक प्रतिमाने’.