डोळ्यांच्या हालचाली आणि मनावरचा घाव : वाचकांचे प्रश्न

ईएमडीआर, म्हणजे नजरेच्या हालचालींची मदत घेऊन जुन्या आघातावर केला जाणारा मानसोपचार. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत.

आठ महिन्यांपूर्वी घाटात आमच्या गाडीला ट्रकने धडक दिली. जखमा भरल्या, पण ब्रेकचा आवाज आला की अजून अंग थरथरतं. डॉक्टरांनी ईएमडीआर सुचवलंय. तिथे नेमकं काय करतात?

पहिल्याच भेटीत, तुमची काही माहिती न घेता कोणी डोळ्यांसमोर बोटं हलवायला लागलं, तर तिथून उठून या. या उपचाराचे आठ टप्पे आहेत आणि नजरेची हालचाल चौथ्या टप्प्यावर सुरू होते. आधी तुमचा पूर्वेतिहास, झोप, औषधं, घरचा आधार यांची नीट विचारपूस होते. मग तयारी. मन सैरभैर झालं तर ते ताळ्यावर कसं आणायचं, हे शिकवतात. गावच्या घराची ओसरी किंवा नदीकाठ, अशी एखादी शांत जागा मनात आणून अंग सैल पडतं का, ते पाहतात. हात वर केला की थांबायचं, ही खूणही इथेच ठरते.

तिसऱ्या टप्प्यात प्रसंगातलं सर्वांत छळणारं एकच दृश्य निवडायचं. समजा, काचेवर चाल करून येणारे हेडलाइट. ते पाहताना स्वतःबद्दल काय वाटतं? ‘माझ्या हातात काहीच नाही.’ त्याऐवजी काय वाटायला हवं? ‘तो प्रसंग संपला, आता मी सुरक्षित आहे.’ हे दुसरं वाक्य आत्ता किती खरं वाटतं, ते १ ते ७ मध्ये सांगायचं. त्रास किती होतोय, ते ० ते १० मध्ये. आणि तो अंगात कुठे जाणवतो, तेही.

आता थेरपिस्ट जरा बाजूला खुर्ची घेऊन बसतात आणि दोन बोटं तुमच्या चेहऱ्यापासून साधारण फूटभर अंतरावर डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे नेतात. डोकं स्थिर ठेवायचं, फिरते ती फक्त नजर. अशा सुमारे २४ येरझाऱ्यांचा एक संच. मग श्वास घ्यायचा, आणि प्रश्न एवढाच : ‘आता काय जाणवतंय?’ उत्तर एखाद्या वाक्याचं पुरे. हेडलाइट पुसट होतील, छातीतला दाब गळ्याशी येईल, मध्येच कोणाचा तरी आवाज आठवेल. जे येईल ते येऊ द्यायचं आणि पुढचा संच. इथे थेरपिस्ट समजूत काढत बसले, तर मनाचं चाललेलं काम तुटतं.

त्रासाचा आकडा ६ वर अडून राहिला, तर हालचालीची दिशा किंवा वेग बदलतात. तरीही उतरला नाही, तर त्याखाली एखादा जुना प्रसंग दबलेला आहे का, ते शोधतात. आकडा ० किंवा १ वर आला की ते चांगलं वाक्य पक्कं करतात, मग डोक्यापासून पायांपर्यंत कुठे ताण उरलाय का, ते तपासतात. काम अर्धवट राहिलं तरी तुम्हाला शांत करूनच सत्र संपवायचं, हा सातवा टप्पा. घाईत नेमका हाच गाळला जातो. आठवा टप्पा पुढच्या भेटीत : मागचं किती टिकलं?

सत्र ६० ते ९० मिनिटांचं असतं. उपचार कसे द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१८ च्या सूचनांत साधारण ८ ते १२ सत्रं धरली आहेत. सत्रानंतर लगेच स्वतः गाडी चालवू नका.

हे संमोहन आहे का? आठवण पुसली जाते का?

दोन्ही नाही. तुम्ही पूर्ण जागे असता आणि केव्हाही थांबवू शकता. आठवण राहते, तिची धार बोथट होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी यावरचा पहिला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांत पटणारं स्पष्टीकरण असं : मनाला एका वेळी थोडंच पेलतं. भयंकर दृश्य धरून ठेवायचं आणि बोटाचा माग काढायचा, अशी दोन कामं एकदम आली की दृश्याचा रंग उतरतो, आणि ते तसंच फिकं होऊन परत साठवलं जातं. नजरेची हालचाल खरंच किती गरजेची, यावर संशोधकांत मतभेद आहेत. उपचाराचा गुण येतो, याचे पुरावे मात्र भक्कम आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये प्रौढ आणि मुलं, दोघांसाठीही त्याची शिफारस केली.

मोबाइलवर हलणाऱ्या ठिपक्याचे व्हिडिओ मिळतात. घरी करून पाहू का?

आघाताच्या आठवणीवर एकट्याने मुळीच नको. ठिपका आठवण उघडतो, पण ती आवरायला तो येत नाही. रात्री अकरा वाजता बंद खोलीत तुम्ही त्या प्रसंगात अडकलात, तर बाहेर कोण काढणार? घरी शांत होण्यासाठी हात छातीवर फुलीसारखे ठेवून खांद्यांखाली आळीपाळीने हळूहळू थोपटा, नजर खोलीतल्या वस्तूंवर असू द्या. अस्वस्थ वाटलं तर लगेच थांबा. फार घाबरं झालं तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. शिवाय ईएमडीआरचं प्रशिक्षण किती दिवसांचं घेतलं आणि देखरेखीखाली सराव केला का, हेही विचारा. यात भीड कसली?

दोन सत्रांनंतर स्वप्नं वाढली आहेत. बंद करू का?

काही दिवस स्वप्नं, रडू, विसरलेले तपशील वर येणं, हे बऱ्याच जणांना होतं. वहीत तारीख, काय आलं, त्रास किती, एवढं एका ओळीत लिहा आणि थेरपिस्टना दाखवा. पण भान सुटणं, मधला वेळच न आठवणं किंवा जीव देण्याचे विचार येत असतील, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता आजच फोन करा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. फिट येत असतील, डोळ्यांच्या पडद्याचा (रेटिनाचा) किंवा डोळ्यांचा दुसरा आजार असेल, तर तेही सांगा. नजरेऐवजी तळहातांवर थोपटून किंवा कानांत आळीपाळीने आवाज देऊनही हे करता येतं.

माझ्या बहिणीची कोर्टात साक्ष व्हायची आहे. आधी उपचार घ्यावेत का?

आधी वकिलांशी बोला. उपचारात दृश्य फिकं होतं, तपशील बदलल्यासारखे वाटू शकतात, आणि उलटतपासणीत त्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं. म्हणून जबाब आधी सविस्तर नोंदवून घेणं बरं. पण बहीण झोपत नसेल, जेवत नसेल, तर तारखांसाठी तिला ताटकळत ठेवू नका. मन शांत करण्याची तयारीची सत्रं आजपासून सुरू करता येतात. त्यात प्रसंगाला हात लावावा लागत नाही.