पाऊणकी आणि खाडीतली नळी

प्रिय,

मे महिन्यात वाड्यावरच्या दहा-बारा मुलांना जमवून काहीतरी करायचं म्हणतेस, आणि विज्ञानाची पेटी कोणती घ्यावी असं विचारलंस. पेटी नको. तिच्या झाकणावरच उत्तरं छापलेली असतात, मग पोरं मोजत नाहीत, जुळवतात. गोडी लागते ती आपण मोजलेला आकडा कुठेतरी अडला की. दारात खाडी आहे, भरती मोजा.

आतून 75 मिलिमीटरची, 3 मीटर लांब पीव्हीसी नळी घे. खालचं तोंड टोपण लावून बंद कर आणि तळाशी बाजूला 5 मिलिमीटरचं एकच भोक पाड. होडीची लाट त्यातून पटकन आत शिरत नाही, भरती मात्र सावकाश चढते. पूर्ण ओहोटीला, तळ पाण्याखाली वीतभर राहील अशी ती होड्यांच्या धक्क्याला उभी घट्ट बांध. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, मानशीजवळ (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांजवळ) मात्र अजिबात नको. तिथे पाण्याची ओढ जीवघेणी असते, आणि दारं उघडली-मिटली की पातळीही खोटी मिळते.

सळीवर खडू घासायचा, ती तळाला टेकवायची, वर काढून ओल कुठवर आली ते मोजायचं. दर अर्ध्या तासाला. सळी 6 मिलिमीटरचीच हवी. कुणीतरी 2 सेंटिमीटर जाडीची काठी आणणारच! मीटरभर पाण्यात ती 7-8 सेंटिमीटर जास्त दाखवते, कारण काठीने सारलेलं पाणी एवढ्याशा भोकातून लगेच बाहेर जात नाही. हे आधी सांगू नकोस. दोन पोरांचे आकडे जुळले नाहीत की भांडण होईल, ते होऊ दे. पुढे नळीत गाळ साचेल आणि आकडे कमी येऊ लागतील; भोक बुजलं तर आतलं पाणी बाहेरच्या मागे रेंगाळेल. दोन्ही दोष पोरांनीच हुडकायचे.

आकडे चौकटीच्या वहीत मांडले की रेघ सरळ येत नाही. पाणी आधी हळू, मध्ये भराभर, शेवटी पुन्हा हळू चढतं.

मग पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, काढ. जुना ठोकताळा असा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. चतुर्थीला 3, पंचमीला पावणेचार. म्हणजे भरती रोज 45 मिनिटं पुढे सरकते. खरी सरासरी 50च्या आसपास. तुमच्या धक्क्यावर तो किती आणि कुठल्या बाजूला चुकतो ते मुलांच्या वहीतूनच निघायला हवं. गोव्यात 1907 साली जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी जुनी नाणी तोलत बसत, कारण हातोहाती फिरून नाणं झिजतं आणि वजनातली घट त्याचं वय सुचवते. पाढे पाठ केलेल्या पोराला असं काही तोलायला, मोजायला मिळालं की पाऊणकी एकदम कामाची वाटू लागते.

सकाळ-संध्याकाळ दोन्ही भरत्या उजेडात सापडतील असा एखादा दिवस निवड. एक भरती दुसरीपेक्षा बुटकी आली की पोरं म्हणतील, आमचंच चुकलं. नळी तपासू दे, भोक साफ करू दे, परत मोजू दे. आपल्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सहसा सारख्या नसतात, हे तुला आता ठाऊक झालं. आठवडाभर तरी तोंड मिटून राहा.