वही थांबली ती १४ जुलैला

ऑटिझम असलेल्या तरुण मुलांचे पालक माझ्याकडे येतात तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात. मुलगा अलीकडे चिडतो, नीट जेवत नाही, रात्रभर जागा असतो, हे सगळे सांगून झाल्यावर आई किंवा वडील म्हणतात, "पण मॅडम, हे ऑटिझममुळेच आहे ना? मग त्याला आणखी वेगळा आजार कसा असेल?" या प्रश्नामागे दमणूक असते आणि भीतीही असते, कारण एका निदानाशी जुळवून घेण्यात ज्या घराची दहा-पंधरा वर्षे गेली, त्या घराला दुसरे निदान ऐकायचे नसते. या प्रश्नाचे उत्तर मी एका हकिगतीतून देते. तिच्यासाठी त्या मुलाची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो पुण्यात राहणारा, वीस वर्षांचा, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा. ऑटिझमचे निदान सहाव्या वर्षी झाले होते. (आपल्याकडे यासाठी 'स्वमग्नता' हा शब्द रूढ आहे, मी तो टाळते, कारण ही मुले स्वतःत मग्न असतात असा त्यातून उगीच समज होतो.) आठवीपासून त्याचा एक नेम होता. सकाळी वर्तमानपत्र आले की तो धरणसाठ्याचा तक्ता काढायचा आणि खडकवासला साखळीतील चारही धरणांचे आकडे वहीत उतरवायचा. खडकवासला १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट), पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, एकूण क्षमता २९.१५, हे आकडे त्याला पाढ्यांसारखे पाठ होते. घरच्यांच्या लेखी हे त्याचे वेड होते. सप्टेंबरमध्ये ते प्रथम आले तेव्हा तक्रारींची यादी सांगता सांगता आई म्हणाली, "एवढंच एक बरं झालं, ती वही एकदाची बंद झाली."

त्या वाक्यापाशी मी तेव्हाच थांबायला हवे होते. मी थांबले नाही.

तक्रारी अशा होत्या. तो महाविद्यालयात जात नव्हता, दुपारी अंथरुणात पडून असायचा आणि न्हाणीघरात गेला की बाहेर येत नसे. न्हाणीघराबद्दल कोणालाच फारसे नवल वाटले नव्हते, कारण लहानपणी तो नळाच्या धारेखाली हात धरून तासन्‌तास रमायचा. आधी ज्या डॉक्टरांना दाखवले होते त्यांनीही "ऑटिझममध्ये असं असतं" म्हणून सोडून दिले होते, आणि पहिल्या दोन भेटींत मीही तोच धागा धरला. ऑटिझम असलेल्या काही व्यक्तींना पाण्याचा स्पर्श फार सुखावतो, हे खरेच आहे. एक मोठे निदान समोर असले की बाकीचे सगळे त्याच्याच खात्यावर मांडण्याची सवय लागते, आणि ती केवळ पालकांची नाही. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत २०१३ पूर्वी ऑटिझम असलेल्या व्यक्तीला एडीएचडीचे (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांच्या विकाराचे) निदान देताच येत नसे. आम्हा व्यावसायिकांची घडणच त्या काळात झाली आहे.

नैराश्य मोजण्याची नेहमीची प्रश्नावली मी त्याला दिली, तर गुण अगदी कमी आले. मग एकेका उत्तराबद्दल विचारले. "भूक कमी लागते का?" याला त्याने 'नाही' लिहिले होते. तो म्हणाला, "मला भूक कळतच नाही. मी घड्याळ बघून जेवतो." झोपेच्या प्रश्नालाही 'नाही' होते, कारण प्रश्न झोप लागण्याबद्दल होता आणि तो झोपण्याचा प्रयत्नच करत नव्हता. ऑटिझम असलेल्या अनेकांना शरीराच्या आतल्या खुणा आणि मनातल्या भावना ओळखून त्यांना नाव देणे अवघड जाते. "कसं वाटतंय?" या आपल्या लाडक्या प्रश्नाला ते "ठीक" म्हणतात, तेव्हा काही लपवत नसतात, त्या प्रश्नाचे दुसरे उत्तर त्यांच्यापाशी तयार नसते.

तिसऱ्या भेटीत मी भावनांचा नाद सोडला. खोलीतली घुंघुं करणारी ट्यूबलाइट बंद केली, तासभरात काय काय बोलायचे ते कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवले, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "वही कधी बंद केलीस?"

"१४ जुलैला," तो लगेच म्हणाला. "पानशेत फुटलं ती तारीख १२ जुलै, १९६१. त्याच्या दोन दिवस पुढे."

"का बंद केलीस?"

तो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला. बोटांच्या पेरांवर कातडी फाटली होती, मनगटापर्यंत पांढरी पडली होती. मग तो म्हणाला, "बादली पंधरा लिटरची आहे. अडीच मिनिटांत भरते. म्हणजे मिनिटाला सहा लिटर. मी रोज शंभर मिनिटं धुतो. सहाशे लिटर. मी आकडे कसे लिहू?"

मग उलगडा होत गेला. जूनमध्ये आजीला कावीळ झाली होती आणि घरात कोणीतरी सहज बोलून गेले होते, "न धुतल्या हातानं कोणी पाणी दिलं असेल." दरवेळी आजीला पाणी तोच द्यायचा. आजी महिन्याभरात बरी झाली, पण ते वाक्य त्याच्या मनातून गेले नाही. सात वेळा हात धुतल्याशिवाय पेल्याला हात लावला तर घरातले कोणीतरी आजारी पडेल, हा विचार त्याला स्वतःलाही पटत नव्हता आणि थांबवताही येत नव्हता. हा मंत्रचळ होता, म्हणजे ओसीडी. लहानपणी नळाखाली रमणारा मुलगा हसत बाहेर यायचा. आता तो रडवेला होऊन बाहेर येत होता. वही आणि हात धुणे, दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, रोज त्याच पद्धतीने करायच्या, मध्ये कोणी अडवले तर चिडायचे. पण वहीने त्याला बरे वाटत होते आणि धुण्याने तो झिजत होता. हा फरक सगळ्यांच्या बाबतीत इतका स्वच्छ दिसतोच असे नाही, पण मी तो आता प्रत्येक वेळी शोधते. आणि वही सुटणे ही सुधारणा नव्हती, ओसीडीपाठोपाठ आलेल्या नैराश्याची खूण होती. त्याला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट त्याने आपण तिच्या लायक नाही म्हणून सोडली होती.

ऑटिझम असलेल्या व्यक्तींमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून मी आडवळणाने न जाता सरळ विचारले, "मरून जावं असे विचार येतात का?" त्याने हिशेबाच्याच सुरात सांगितले, "मरावं असं नाही. पण मी नसतो तर रोज सहाशे लिटर वाचले असते." त्या दिवशी आईवडिलांना आत बोलावून, त्याच्या देखत, पुढचे काही आठवडे त्याला एकटे ठेवायचे नाही हे ठरवले, मानसोपचारतज्ज्ञांची त्याच दिवशीची वेळ घेतली आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच्याच हाताने वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून घेतला. वहीवरच का, तर ती तो कधीच हरवत नाही.

वडिलांचा प्रश्न मात्र तोच होता. "ऑटिझमच्या गोळ्या का सुरू करायच्या?" ते सरकारी कचेरीत काम करतात, म्हणून त्यांना समजेल अशा भाषेत मी सांगितले की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे आणि तिच्यात ऑटिझम व मानसिक आजार या दोन वेगळ्या नोंदी आहेत, एकाच माणसाच्या दोन्ही असू शकतात. ऑटिझम घालवणारे औषध नाही आणि ते आम्हाला नकोही होते. गोळी ओसीडी आणि नैराश्यासाठी होती. मानसोपचारतज्ज्ञांनी ती अगदी कमी मात्रेत सुरू करून सावकाश वाढवली, कारण ऑटिझम असलेल्यांना अशा गोळ्यांनी अस्वस्थता, चुळबुळ वाढण्याचा त्रास अधिक होऊ शकतो. ओसीडीत गुण यायला अनेकदा आठ ते बारा आठवडे लागतात, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवले.

माझ्या बाजूचे काम म्हणजे हात धुण्याची ऊर्मी आली तरी ती थोडी थोडी पुढे ढकलायला शिकवणे. त्यासाठी अस्वस्थता मोजावी लागते, आणि मी मोठ्या हौसेने धरणाची मोजपट्टी काढली. शून्य टक्के म्हणजे शांत, शंभर टक्के म्हणजे पूर्ण अस्वस्थ. त्याने ती क्षणात मोडीत काढली. "शून्य टक्के म्हणजे दुष्काळ, मॅडम. शंभर टक्के भरलं तर लोक पेढे वाटतात." मग त्यानेच दुसरी सुचवली. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली जातो. तर पूल मोकळा, पुलाला पाणी टेकले आणि पूल बुडाला, अशा तीन पायऱ्या. पुलाला पाणी टेकले असताना नळाकडे न जाता दहा मिनिटे थांबायचे, एवढाच पहिला गृहपाठ होता. पाणी आपोआप ओसरते, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.

घरच्यांनाही एक गोष्ट सोडावी लागली, आणि ती त्यांना जड गेली. तो दर थोड्या वेळाने विचारायचा, "आई, हात स्वच्छ आहेत ना?" आणि आई मायेने "हो रे बाळा" म्हणायची. प्रत्येक "हो"ने ऊर्मी बळावत होती. त्याऐवजी "पूल कुठे आहे?" असे विचारायचे ठरले. पहिल्या आठवड्यात आई दोनदा रडत फोनवर बोलली.

जानेवारीपर्यंत धुणे शंभर मिनिटांवरून पंचवीसवर आले. मध्येच प्रथम सत्राच्या परीक्षेत ते पुन्हा सत्तरवर गेले होते, आणि ऑटिझम तर आहे तिथेच आहे. गर्दीचा वर्ग त्याला अजूनही सोसत नाही आणि महाविद्यालयाने त्याला मागच्या दाराजवळची जागा दिली आहे. फेब्रुवारीत तो वही घेऊन आला. १४ जुलैपासूनच्या ओळी त्याने तारखा घालून मोकळ्या सोडल्या होत्या. त्या भरण्यासाठी आई रद्दीवाल्याकडे आणि शेजाऱ्यांकडे जुनी वर्तमानपत्रे शोधत फिरत होती. ऑगस्टमधले दोन दिवस तेवढे अजून मिळालेले नाहीत.