"दहा टक्के कापले म्हणजे टॅक्स भरून झाला ना, ताई?"

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की फिल्म-सिरीयलच्या युनिटवर फ्रीलान्स काम करणाऱ्यांनी टॅक्सचे प्रश्न पाठवा, आणि इतके आले की निवडताना पुरेवाट झाली. मी स्वतः आधी बरीच वर्षं प्रोडक्शनच्या अकाउंट्समध्ये होते, म्हणजे तुमचं पेमेंट कापणाऱ्या बाजूला, त्यामुळे टेबलापलीकडे काय चालतं ते मला माहितीय. एक आधीच सांगते, १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय आणि कलमांचे नंबर बदललेत, पण आत्ता जे रिटर्न भरायचंय ते २०२५-२६ च्या कमाईचं आणि ते जुन्या कायद्यानेच, म्हणून खाली सगळे जुनेच नंबर वापरलेत.

प्रश्न : ताई, मी चार वर्षं एडी म्हणून काम करतोय, कधी फिल्म, कधी सिरीयल, कधी अॅड. प्रत्येक पेमेंट १०% कापूनच येतं त्यामुळे मी समजत होतो की टॅक्सचं काम संपलं. गेल्या वर्षी सगळी मिळून साडेनऊ लाखांची बिलं झाली. मित्र म्हणतो रिटर्न भर, पैसे परत मिळतील. खरंच मिळतात का, का उगाच डिपार्टमेंटच्या नजरेत यायचं?
– एक सहायक दिग्दर्शक

उत्तर : नजरेत तुम्ही आधीच आहात हो. ज्या दिवशी पहिल्या प्रोडक्शनने तुमच्या पॅनवर टीडीएस, म्हणजे पेमेंटमधून कापलेली ही रक्कम, भरला त्या दिवसापासून. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करून २६ एएस आणि एआयएस ही तुमच्या नावावरची स्टेटमेंट्स उघडून बघा, कोणी किती दिले, किती कापले सगळं तिथे लिहिलेलं असतं, तुम्ही विसरलेली ती दोन दिवसांची अॅडपण.

टीडीएस म्हणजे टॅक्स नाही, अॅडव्हान्स आहे. तुमच्या नावाने सरकारकडे जमा ठेवलेले पैसे. खरा टॅक्स किती ते रिटर्नमध्ये ठरतं आणि जास्त कापला असेल तर परत येतो. आता तुमचा हिशोब मांडू. फिल्मवाल्यांमध्ये कोण 'प्रोफेशनल' याची एक यादी आहे, १९७७ सालची, त्यात अभिनेता, कॅमेरामन, एडिटर, गायक, लेखक, ड्रेस डिझायनर वगैरे आहेत आणि डायरेक्टरच्या पुढे 'असिस्टंट डायरेक्टरसह' असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुम्ही यादीत आहात, म्हणून कलम १९४ जे खाली १०% कापतात, आणि म्हणूनच तुम्हाला कलम ४४ एडीए वापरता येतं. त्यात काय आहे, की वर्षाची एकूण बिलं ५० लाखांच्या आत असतील (रोखीत आलेली रक्कम ५% पेक्षा जास्त नसेल तर ७५ लाख) तर निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, उरलेली निम्मी खर्च मानली जाते, एकही पावती दाखवावी लागत नाही.

साडेनऊ लाखांचे निम्मे ४,७५,०००. नवीन रिजीममध्ये (हे टॅक्सच्या दरांचं, वरच्या नवीन कायद्याचं नाही) पहिल्या ४ लाखांवर काही नाही, वरच्या ७५ हजारांवर ५% म्हणजे ३,७५० रुपये, आणि उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यामुळे ८७ ए ची सूट मिळून तेही शून्य. बँकेचं व्याज त्यात मिळवा, तरी शून्यच राहील. आणि तुमचे कापलेले? ९५,०००. ते सगळे परत. आधीची तीन वर्षं तुम्ही असेच सोडून दिलेत का? दिले असतील तर खाली कॉस्च्यूमच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर वाचा आणि मग माझ्यावर चिडू नका.

एक मात्र लक्षात ठेवा, कायद्यात ५०% हे कमीत कमी आहे. खरं उत्पन्न त्याहून जास्त असेल तर जास्त दाखवायचं असतं. एडीचा खर्च तो किती, प्रवास, फोन, लॅपटॉप. सगळे डोळे झाकून निम्मं टाकतात हे मला माहितीय, मी फक्त कायद्यात काय लिहिलंय ते सांगतेय.

फॉर्म आयटीआर-४. पण तुम्ही शेअर्समध्ये खरेदी-विक्री करून शॉर्ट टर्म नफा केला असेल तर आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ घ्यावा लागतो. सेटवर हल्ली दोन शॉटच्या मधे सगळे मोबाईलवर मार्केटच बघत असतात म्हणून मुद्दाम सांगितलं.

प्रश्न : मी लाईटमध्ये आहे. एक ऑफिस १% कापतं, दुसरं १०% कापतं, काम तेच, शिफ्ट तीच. विचारलं तर म्हणतात आमच्या सीएने सांगितलंय. बरोबर कोण?
– एक लाईटमन

उत्तर : वर सांगितलेल्या यादीत लाईट नाही, स्पॉट नाही, मेकअप नाही, साउंडही नाही. का नाही ते मला विचारू नका, साउंडवाल्याशिवाय पिक्चर कसा होतो हे यादी करणाऱ्यांनाच माहीत. यादीत नसलं की साधारणपणे कामाचं काँट्रॅक्ट धरून १९४ सी लागतं आणि माणूस एकटा असेल तर १%. दुसऱ्या ऑफिसने १०% कापले ते बहुतेक स्वतःची मान सोडवायला, कमी कापलं तर डिपार्टमेंट त्यांना धरतं, जास्त कापलं तर तुम्ही फक्त कुरकुरता. आम्हीपण असंच करायचो, खोटं कशाला बोलू.

तुमचा शेवटचा टॅक्स त्याने बदलत नाही, फक्त पैसे अडकतात. तुम्ही ४४ एडी मध्ये बसता, ते वरच्या ४४ एडीए सारखंच पण धंद्यासाठीचं कलम, तिथे बँकेतून आलेल्या पैशांच्या किमान ६% आणि रोखीच्या ८% उत्पन्न दाखवायचं. पण इथे एक गंमत होते. ६ लाख आले आणि सीएने ३६ हजार उत्पन्न टाकून रिटर्न भरलं, सगळे खूश, आणि दोन वर्षांनी घराच्या लोनला बँकेत गेलात की मॅनेजर म्हणतो महिन्याला ३ हजार कमावता, लोन कसलं देऊ. शिवाय लाईटमनचा खर्च काही ९४% नसतो. जे खरं हातात उरतं ते दाखवा, १२ लाखांपर्यंत नाहीतरी टॅक्स शून्य आहे मग लपवायचं कशाला? आणि ४४ एडी एकदा घेऊन मधेच सोडलं तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही, हे ४४ एडीए ला नाही, तुम्हाला आहे.

पॅन दिला नाहीत तर मात्र १ नाही नि १० नाही, थेट २०% जातात. व्हाउचरवर सही करताना पॅन नीट लिहिलाय का बघा, एक अक्षर चुकलं की तुमचे पैसे भलत्याच्याच नावावर दिसतात.

प्रश्न : एका सिनेमाचं ४५ दिवसांचं शेड्युल केलं, पेमेंट टीडीएस कापून आलं पण २६ एएस मध्ये काहीच दिसत नाही. ऑफिस आता फोन उचलत नाही, बोर्डपण काढलाय म्हणतात. रिटर्नमध्ये काय दाखवू? कापलेले १८,००० गेले का?
– कला विभागातून एक जण

उत्तर : हा प्रश्न सात जणांनी पाठवलाय, फक्त रक्कम वेगळी.

आधी थोडी घाई तर होत नाहीये ना ते बघा. प्रोडक्शनने कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत, पण तो तुमच्या नावावर दिसतो ते तिमाही रिटर्न भरल्यावर. जानेवारी ते मार्चचं रिटर्न ३१ मे पर्यंत चालतं. त्यामुळे एप्रिलमध्ये २६ एएस कोरं दिसलं म्हणून लगेच घाबरायचं नाही, जून उजाडला तरी कोरं असेल तर मग समजायचं.

जून गेला असेल तर सरळ आहे, कापले आणि भरले नाहीत. असं होतं. पैसे कापले जातात कागदावर, आणि खरे पैसे गेलेले असतात पुढच्या शेड्युलच्या जनरेटरला नाहीतर लोकेशनच्या डिपॉझिटला. तो त्यांचा गुन्हा आहे, तुमचा नाही. कलम २०५ हेच म्हणतं, की तुमच्या पैशातून टॅक्स कापून झालाय म्हटल्यावर तेवढा टॅक्स परत तुमच्याकडून मागता येत नाही. पण कॉम्प्युटरला कलम २०५ कळत नाही, तो फक्त २६ एएस शी जुळवतो आणि जुळलं नाही की डिमांड, म्हणजे टॅक्स भरा अशी मागणी, काढतो. तेव्हा पोर्टलवर 'डिमांड मान्य नाही' असं उत्तर द्यायचं, २०५ चा उल्लेख करायचा आणि कागद जोडायचे. कागद म्हणजे तुमचं बिल, कापलेली रक्कम दिसणारं व्हाउचर किंवा पेमेंटचा मेल, आणि बँक स्टेटमेंटमधली नेमकी तेवढी कमी आलेली एन्ट्री. १,८०,००० चं बिल आणि खात्यात १,६२,००० हे दिसलं की बोलायला जागा राहते.

आता कडू भाग. २०५ मुळे डिमांड थांबवता येते, पण जे सरकारच्या तिजोरीत पोचलेच नाहीत ते १८,००० रिफंड म्हणून तुमच्या हातात पडणं फार अवघड. एडीए खाली तुमचा टॅक्स शून्यच येत असेल तर या १८ हजारांसाठी प्रोडक्शनच्याच मागे लागावं लागेल, मेल करा, असोसिएशनमध्ये लेखी तक्रार द्या, मेंबर नसाल तर सोबत काम केलेले चार जण मिळून द्या. आणि उत्पन्न मात्र पूर्ण १,८०,००० च धरायचं, हातात आलेले १,६२,००० नाही. हे ऐकून सगळे वैतागतात पण कायद्याने कापलेला टीडीएसही तुमचंच उत्पन्न.

पुढच्या वेळी दर तीन महिन्यांनी २६ एएस उघडायची सवय लावा. शूटिंग चालू असताना प्रोडक्शन मॅनेजरला विचारलं तर तो निदान उत्तर देतो, पॅकअप झाल्यावर कोण कोणाचा.

प्रश्न : सिरीयलचं पेमेंट ९० दिवसांनी येतं. फेब्रुवारीत एडिट केलेल्या एपिसोड्सचे पैसे मे मध्ये आले, पण त्यांनी टीडीएस मार्चमध्येच दाखवलाय. मी कुठल्या वर्षात धरू?
– एडिटर

उत्तर : तुम्ही हिशोब कसा ठेवता त्यावर. बिल केलं त्या दिवशी उत्पन्न धरत असाल तर मार्च, म्हणजे २०२५-२६, आणि प्रश्नच मिटला. पैसे आले तेव्हा धरत असाल तर उत्पन्न पुढच्या वर्षात, आणि मग टीडीएसचं क्रेडिटही उत्पन्नाबरोबरच पुढे न्यायचं, रिटर्नमध्ये पुढे ढकलण्याचा रकाना असतो. या वर्षी टीडीएस घ्यायचा आणि उत्पन्न दाखवायचं नाही असं केलंत की नोटीस ठरलेली. मी तर म्हणते वर्ष संपताना बिल केलं तिथेच धरून टाका, फ्रीलान्सरने दोन वर्षं डोक्यात ठेवायची म्हणजे कटकट. फक्त एकदा जी पद्धत धरली तीच दरवर्षी चालवा.

प्रश्न : ताई, मी कॉस्च्यूममध्ये आहे, २०२२-२३ पासून तीन वर्षं रिटर्नच भरलं नाही, टीडीएस मिळून लाखाच्या वर गेलाय. कोणीतरी सांगितलं अपडेटेड रिटर्न चार वर्षांपर्यंत भरता येतं. भरू का?
– एक वाचक

उत्तर : थांबा, भरू नका. आयटीआर-यू, म्हणजे हे अपडेटेड रिटर्न, चार वर्षांपर्यंत चालतं हे खरं, पण ते सरकारला पैसे द्यायचे असतील तरच. त्यातून रिफंड मागताच येत नाही. उशिरा भरायचं साधं रिटर्न त्या त्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत असतं, लेट फी घेऊन का होईना रिफंड देतं, ती तारीखही तुमची तिन्ही वर्षांची गेली.

एकच वाट उरते, कलम ११९(२)(बी) खाली उशीर माफ करा म्हणून अर्ज. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे असेसमेंट इयर (कमाईच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करता येतो, म्हणजे तुमची तिन्ही वर्षं अजून मुदतीत आहेत. पण 'मला माहीत नव्हतं' एवढ्यावर तो मंजूर होईलच असं नाही, का भरता आलं नाही याचं खरं कारण पुराव्यासकट लागतं, आजारपण, घरातली अडचण, जे काही असेल ते. हे एकट्याने करू नका, सीए गाठा, आणि २०२५-२६ चं मात्र वेळेत भरून मोकळं व्हा.

प्रश्न : डीओपी (मुख्य कॅमेरामन) आहे, वर्षाला ३८ लाखांची बिलं. १२ लाखांचा कॅमेरा घेतला तर टॅक्स वाचेल असं डीलर म्हणतो.

उत्तर : डीलर म्हणणारच. १२ लाख खर्चात एकदम जात नाहीत, वर्षाला १५% घसारा, म्हणजे १,८०,०००, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्याच्याही निम्मा. ४४ एडीए मध्ये तुम्हाला १९ लाखांचा खर्च आधीच फुकटात धरून मिळतोय, खरा खर्च १९ लाखांच्या वर गेला तरच हिशोबाची वही आणि ऑडिट या रस्त्याला जायचं. कॅमेरा कामाला हवा असेल तर घ्या, टॅक्ससाठी घेऊ नका. आणि ३८ लाख म्हणताय म्हणून विचारते, जीएसटी घेतलाय ना? सर्व्हिसला २० लाखांच्या वर नोंदणी लागते, बिलावर १८% लावायचे. कॅमेऱ्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट तिथे मिळतं, एडीए घेतलं तरी मिळतं, म्हणजे डीलरने जे सांगायला हवं होतं ते त्याने सांगितलंच नाही.