फ्रुटी आणि पार्ले-जी एकाच कंपनीचे का? फ्रुटीचा इतिहास काय आहे?

नाही. घराणं एकच, चौहानांचं. मोहनलाल दयाळांनी १९२९ साली विलेपार्ल्यात गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना काढला, पुढे वाटण्या झाल्या. बिस्किटं एका शाखेकडे, पेयं दुसरीकडे. फ्रुटी पार्ले ॲग्रोची, १९८५ची. पेयांच्या शाखेतल्या रमेश चौहानांनी १९९३ मध्ये थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही पेयं कोका-कोलाला विकली. फ्रुटी भाऊ प्रकाश यांच्या कंपनीत होती, ती राहिली.

आता काही जण म्हणतात की फ्रुटी जाहिरातीवर चालली. साफ चूक. ती खोक्यावर चालली.

माझ्या मामाचं एसटी स्टँडसमोर कोल्ड्रिंकचं दुकान होतं. सुट्टीत मी गल्ल्यावर बसायचो. काचेच्या बाटलीचा ताप मला विचारा: क्रेटची अनामत, फुटली तर आपल्या खिशातून, आणि गिऱ्हाइकानं तिथंच उभं राहून प्यायची, कारण रिकामी बाटली परत हवी. मी म्हटलं, मामा, फ्रुटी ठेवूया. मामा म्हणाला, "पुठ्ठ्यातलं पाणी कोण पितंय? आणि महिनोन्‌महिने टिकतं म्हणजे औषध मारलेलं असणार."

एका दुपारी शाळेच्या सहलीची गाडी थांबली. वीज गेलेली, फ्रीज बंद. दहा मिनिटांत गाडी सुटणार, म्हणून मास्तर कुणाला बाटली घेऊ देईनात. सगळी पोरं शेजारच्या टपरीवर. तिथं हिरवी खोकी होती. कोमट फ्रुटी, स्ट्रॉ टोचून, गाडीत बसून प्याली पोरं. आम्ही भरल्या बाटल्यांकडे बघत बसलो.

औषधाचं म्हणाल तर टिकण्याची करामत वेगळी आहे. पेय थोडा वेळ खूप तापवून गार करतात, मग निर्जंतुक खोक्यात, हवेतले जंतूही आत जाणार नाहीत अशा बंदोबस्तात भरतात. पुठ्ठ्याच्या आत ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, तो उजेड आणि हवा अडवतो. म्हणून न फोडलेलं खोकं फ्रीजबाहेर राहतं. हे मामाला तेव्हा सांगता आलं नाही, आता सांगतो तर ऐकू येत नाही म्हणतो.

हां, एक राहिलं. फ्रुटी म्हणजे ज्यूस नव्हे. मुख्यतः पाणी, साखर आणि आंब्याचा गर. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. हापूसही समजू नका, अशा पेयांत तोतापुरीचा गर भरपूर असतो.

तुम्ही दुकान टाकायच्या विचारात असाल तर घरातल्या पोराचं ऐका. मामा अजून म्हणतो, त्या दिवशी नेमकी सहल आली म्हणून. मामा, सहल दरवर्षी यायची.