‘ऊस निघेपर्यंत थांबा’ म्हणजे नक्की किती दिवस?

शिवाररस्ते : वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रं सोलापूर जिल्ह्यातली आहेत आणि सगळ्यांची तक्रार एकच : वाट ‘तात्पुरती’ बंद झाली. नावं वाचकांच्या सांगण्यावरून गाळली आहेत.

मोहोळ तालुका. आमच्या शेताची गाडीवाट शेजारच्या गटातून जाते. आजोबांपासून बैलगाडी आणि आता ट्रॅक्टर तिथूनच नेतो. यंदा जुलैत शेजाऱ्यांनी वाटेसकट नांगरून आडसाली लावली. विचारलं तर म्हणतात, ‘एवढा ऊस निघू दे, मग वाट तुझीच. तोवर बांधावरून पायी जा.’ भावकीतलेच आहेत, तक्रार करवत नाही. थांबावं का?

थांबायला हरकत नाही, पण हातात कॅलेंडर धरून थांबा. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिन्यांचा. जुलैतली लागण पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतरच तुटणार, ऊसतोडीची टोळी उशिरा आली तर आणखी पुढे. त्यात खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक, ठेवला की अजून वर्ष गेलं. आणि वहिवाटीच्या वाटेतला अडथळा काढण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जो दावा करायचा, त्याची मुदत अडथळा झाल्या दिवसापासून सहा महिने. म्हणजे तुमची मुदत जानेवारीत संपते, तेव्हा शेजाऱ्यांचा ऊस निम्म्या वयाचाही झालेला नसेल. ‘ऊस निघेपर्यंत’ हा शब्द कितीही गोड वाटला तरी हिशेबात तो नेहमी या मुदतीपलीकडेच पडतो. ‘सुरू’ नावाच्या हंगामाची लागण असती तरी बारा महिने धरावे लागले असते.

दुसरी मुदत दिवाणी कोर्टाची. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, शांततेत, खंड न पडता आणि हक्क म्हणून वापरलेली वाट पक्की होते. अडथळा माहीत असूनही वर्षभर मुकाट्याने सोसला, तर तो खंड समजला जाऊ शकतो. आडसाली ऊस वर्षाहून जास्त उभा राहतो, हे इथे लक्षात घ्या. म्हणून निदान एक लेखी हरकत आजच पोचपावतीसह टपालाने पाठवा. भांडण नको असेल तर भाषा सौम्य ठेवा, पण कागद जाऊ द्या.

समजुतीने घ्यायचं असेल तर शेजाऱ्यांशी दोन ओळींचा कागद करा. त्यात दोन्ही गट नंबर, वाट कोणत्या बांधाने जाते, लांबी-रुंदी, ट्रॅक्टरला तोवर कुठून जाता येईल आणि वाट पुन्हा मोकळी करण्याची खरी तारीख असावी. ‘ऊस निघाल्यावर’ असं लिहू नका. ‘परवानगी दिली’, ‘विनंतीवरून’, ‘माणुसकी म्हणून’ हे शब्दही नकोत. वकील याच शब्दांवर बोट ठेवतात, कारण परवानगीने वापरलेली वाट कितीही वर्षं वापरली तरी हक्काची होत नाही. ‘वहिवाटीचा हक्क कायम ठेवून सोयीसाठी अमुक तारखेपर्यंत बदल’ असं लिहा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. या कागदाने सहा महिन्यांची मुदत मात्र वाढत नाही. तोवर वाट मोकळी झाली नाही तर पाचव्या महिन्यात दावा दाखल करा. दाखल दाव्यात तडजोड कधीही होते, पण मुदत गेल्यावर दावाच करता येत नाही.

दाव्यात दोन्ही पक्षांची नावं, वय, व्यवसाय आणि पत्ते, अडथळा कुठे आणि कसला आहे, तो कोणत्या तारखेला झाला आणि सोबत कागदांची व साक्षीदारांची यादी लागते. यातली तारीख सगळ्यात मोलाची. ‘गेल्या पावसाळ्यापासून’ असं लिहिलेले अर्ज मुदतीच्याच मुद्द्यावर अडकतात.

पुरावा ऊस वाढायच्या आत गोळा करा. वाटेची दोन्ही तोंडं, म्हणजे जिथे ऊस नाही तिथली जुनी चाकोरी, फोटोत घ्या. संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं उघडता येतात. त्यांत वाटेचा पांढुरका पट्टा दिसत असेल तर तारखेसकट छापून घ्या. जुन्या खरेदीखताच्या चतुःसीमेत ‘रस्ता’ शब्द आहे का पाहा. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. त्यात तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. नकाशात रेषा नाही म्हणून वाट नाही, असं मात्र नसतं. शेतावर जाणाऱ्या बहुतेक वाटा नकाशात नसतातच. त्यांना वहिवाटीचा पुरावा लागतो.

सगळ्यात जास्त अर्ज कलम चुकल्यामुळे वाया जातात. आधीपासून असलेली वाट अडली तर १९०६ च्या अधिनियमाचं कलम ५. वाटच नाही आणि बांधावरून नवी हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३. चालू वाट अडलेला माणूस ‘मला रस्ता मिळावा’ म्हणून १४३ चा अर्ज देतो, तेव्हा रस्ता आधी नव्हता हे त्याने स्वतःच कबूल केल्यासारखं होतं. मग चौकशी गरज किती, दुसरी वाट आहे का, या दिशेला जाते आणि बांधावरून पायी जाता येतं हे उत्तर तुमच्यावरच उलटतं.

सहा महिने गेलेच तर १४३ आणि दिवाणी दावा हे मार्ग उरतात. १४३ च्या निर्णयावर अपील करता येतं किंवा वर्षभरात दिवाणी दावा लावता येतो. कलम ५ च्या निर्णयावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण, म्हणजे वरिष्ठांकडून निर्णयाची फेरतपासणी, आणि ते सहसा प्रांताधिकाऱ्यांसमोर चालतं.

आदेश मिळाला तर त्यात गट नंबर, बांधाची दिशा आणि मीटरमध्ये रुंदी आहे का ते वाचून घ्या. ‘पूर्ववत रस्ता मोकळा करावा’ एवढ्याच आदेशावर मंडळ अधिकारी जागेवर येतात, दोन्हीकडचे लोक वेगवेगळी जागा दाखवतात आणि पंचनामा करून सगळे परत जातात. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर धरायला आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यायला सांगितलं आहे. आदेशाबरोबर ती नोंदही मागा. उभं पीक मोडायला कुठलाही अधिकारी कचरतो, हेही लक्षात ठेवा. ऑगस्टमधल्या गुडघाभर उसाच्या दोन सऱ्या मोडणं आणि डिसेंबरमधल्या मोडणं यात फार फरक आहे.

करमाळा तालुका. नळयोजनेच्या पाइपलाइनसाठी पाणंद, म्हणजे शेतांकडे जाणारी गावाची वाट, उकरली. ‘काम चालू, रस्ता बंद’ एवढीच पाटी आहे. तीन महिने झाले. खड्डे बुजवले, पण पहिल्याच पावसात ट्रॅक्टर रुतला.

तुमच्या पाटीवर कामाचं नाव, ठेकेदार, सुरुवात आणि शेवटाची तारीख, पर्यायी वाट यांतलं काहीच नाही. ते ग्रामपंचायतीकडे लेखी मागा आणि सोबत कार्यारंभ आदेशाची प्रत मागा. काम कधी संपायचं, रस्ता पूर्ववत करणं कोणाच्या अंगावर आणि त्याचं बिल वेगळं आहे का, हे त्यात आणि अंदाजपत्रकात सापडतं. पूर्ववत करण्याची रक्कम असेल तर ते काम झाल्याशिवाय अंतिम बिल निघू नये, असा ग्रामसभेचा ठराव घ्या. तोंडी तक्रारींपेक्षा हा ठराव जास्त कामाचा, कारण ठेकेदार पाणी सुरू होईपर्यंत गावात असतो, नंतर नाही.

ट्रॅक्टर रुतण्याचं कारण काळ्या मातीत आहे. ती पाण्याने फुगते आणि वाळली की आवळून भेगा पडतात. उकरलेली ढेकळं तशीच चरात लोटली की मध्ये पोकळ्या राहतात, वरून सपाट दिसतं आणि पहिल्या चांगल्या पावसात चर वीतभर खचतो. चाक नेमकं तिथेच बसतं. पाइपाभोवती आणि त्याच्यावर साधारण वीतभर वाळू किंवा चाळलेली बारीक माती हवी. दगड पाइपाला टेकला की वरून उसाचा ट्रेलर गेल्यावर पाइप फुटतो आणि वाट पुन्हा उकरावी लागते. त्यावर पंधरा ते वीस सेंटिमीटरच्या थरांनी भराव घालावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करावी, म्हणजे ठोकून दाबून घ्यावा. वरचा एक फूट मुरूम, तोही दोन थरांत, आणि शेवटी चर रस्त्यापेक्षा दोन बोटं उंच ठेवावा. पाइपाच्या माथ्यापासून वर निदान एक मीटर भराव असावा. पाइप वाट आडवा ओलांडत असेल तिथे तो मोठ्या पाइपातून ओवून घ्यायला लावा. पुढे गळती झाली तर उकरावं लागत नाही.

ही वाट पूर्ण बंद करायची गरजही नव्हती. पाणंद साडेसोळा फुटांची असेल तर चर एका कडेला घेऊन उरलेल्या दहा फुटांतून ट्रॅक्टर जातो, फक्त उकरलेली माती दुसऱ्या कडेला टाकायची नाही. एका वेळी शंभर-दीडशे मीटर उकरून, पाइप टाकून, बुजवून पुढे सरकायचं असतं. दोन किलोमीटर एकदम उकरून ठेवणं ही यंत्राच्या भाड्याची सोय, गावाची नव्हे.

माढा तालुका. उजनीच्या कालव्याच्या कडेचा रस्ता आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की बंद करतात. आम्ही वर्षानुवर्षं तिथून जातो. हक्क लागतो का?

तो रस्ता कालव्याच्या देखभालीसाठीचा, जलसंपदा खात्याच्या ताब्यातला. वाहनाला तिथून जाऊ देणं ही सवलत आहे, आणि भरल्या कालव्याच्या ओल्या भरावावरून लादलेला ट्रेलर नेला तर भराव फुटण्याची भीती खरी असते. तुमची मूळ वाट कालव्याने तुटली असेल तर मागणी पुलाची किंवा मोरीची करा. शाखा कार्यालयाला अर्ज देताना कालवा होण्याआधीच्या गाव नकाशाची नक्कल जोडा.

दक्षिण सोलापूर तालुका. सीनेवरच्या बंधाऱ्यावरून आमचा रस्ता आहे. पूर ओसरून आठ दिवस झाले, तरी ‘बंद’चे दगड तसेच. दुचाकी चालू आहेत, ट्रॅक्टर अडवतात. हा भेदभाव कशासाठी?

भेदभाव नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पाणी अडवायला बांधलेला असतो, त्याच्या माथ्यावरून वाहन जाणं हा नंतर चिकटलेला उपयोग. पुरात खांब सहसा टिकतात. दगा देतो तो दोन्ही टोकांचा भराव. पाणी बंधाऱ्याला वळसा घालून कडेने जातं आणि भराव आतून पोखरतं. वरची मुरमाची किंवा डांबराची साल तशीच राहते, खाली पोकळ. दुचाकीचं वजन ती साल पेलते, पण भरलेल्या उसाच्या दोन ट्रेलरांचं पेलत नाही. खात्री करायची तर पाणी उतरल्यावर खालच्या बाजूने भरावाचा पाया पाहावा लागतो. लोखंडी पहार मारून खाली पोकळ आवाज येतो का, हेही तपासतात. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेने लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गही थांबवला होता, तर बंधाऱ्याच्या मातीच्या टोकांचं काय झालं असेल याचा विचार करा.

तुमचं चुकीचं नाही ते एवढंच : बंदी किती दिवस, हे कोणीतरी सांगायला हवं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ खाली वाहनांना बंदी घालता येते. ती एक महिन्यापर्यंतची असेल तर राजपत्रात छापावी लागत नाही, पण स्थानिक पातळीवर जाहीर करावीच लागते. महिन्यापलीकडे गेली तर अधिसूचना मागा. हे कलम मोटारवाहनांचं आहे, बैलगाडीला किंवा पायी माणसाला ते लागत नाही. त्यांना अडवायला दुसरा आदेश लागतो. पाहणीची तारीख जलसंपदाच्या शाखा अभियंत्याकडे लेखी मागा आणि गळीत सुरू व्हायच्या आत भराव दुरुस्त करायचा अर्ज आत्ताच द्या, म्हणजे वाहतूक ठेकेदार तुमच्या गावाचा ऊस शेवटी ढकलणार नाही.

आणि पाणी माथ्यावरून वाहत असताना दुचाकीही घालू नका. घोट्याच्या वर वाहतं पाणी उभ्या माणसाचे पाय उचलतं, फूटभर पाण्यात छोटी मोटार तरंगू लागते.

उत्तर सोलापूर तालुका. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून आमची पायवाट आहे. वनरक्षक कधी सोडतात, कधी नाही.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात विनापरवाना जाता येत नाही. आत ज्यांची स्थावर मालमत्ता आहे ते, आणि सार्वजनिक रस्त्याने नुसतं पार होणारे, हे यातले अपवाद. तुमची वाट सार्वजनिक रस्ता म्हणून कुठे नोंदली आहे का, यावर सगळं अवलंबून. गाव नकाशात किंवा जिल्हा परिषदेच्या रस्ता नोंदवहीत असेल तर ती नक्कल घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. नसेल तर परवाना मागा, वनरक्षकाशी रोज हुज्जत घालू नका. त्याच्या हातात तो अपवाद नाही.

कुर्डुवाडीजवळून. रेल्वे फाटक दुरुस्तीसाठी पाच दिवस बंद आहे. पायी तरी ओलांडू द्यावं ना?

रुळांवरून पायी जाणं रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. सूचनाफलकावर जवळचं पर्यायी फाटक किंवा भुयारी मार्ग लिहिलेला असतो. भुयारी मार्गाच्या तोंडावरचा उंचीचा आकडा मात्र ट्रॅक्टरवाल्यांनी आधी वाचावा. कडबा भरलेला ट्रेलर आत अडकला की मागे घ्यायला जागा नसते.