फिरंग राहू द्या, आधी विमा बघा

शिरोली एमआयडीसीत नोकरीला असलेल्या ४१ वर्षांच्या वाचकांचं पत्र आहे. जुन्या लष्करी तलवारींचा त्यांचा संग्रह आठ नगांचा, विक्रेत्याच्या हिशेबाने १८ लाखांचा. आता साडेतीन लाखांना एक फिरंग (युरोपी पात्याची जुनी तलवार) मिळते आहे. पत्नीचं सोनं तारण ठेवून ११ टक्क्यांनी कर्ज काढू का, असं ते विचारतात. पाच वर्षांनी मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी संग्रह विकायचा आहे. जाता जाता लिहिलंय: गृहकर्ज २८ लाख, पत्नी घरीच असते, "विम्याची काळजी नाही, वर्षाला ७२ हजार भरतो."

फिरंग घेऊ नका. पाच वर्षांचं नुसतं व्याज १ लाख ९० हजार, म्हणजे ५ लाख ४० हजार हातात आले तरच बरोबरी. विक्रेता निम्म्याने परत घेईल असं धरा, तर दुकानात तिचा भाव ११ लाखांच्या आसपास जायला हवा. लंडनच्या लिलावातले आकडे तुम्हाला कुणी दाखवले असतील तर विसरा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरची तलवार खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, सोनं नेलं की वजन होतं आणि त्या दिवसाचा भाव मिळतो. तलवारीला गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं.

शिवाय फिरंग म्हणजे युरोपी पातं आणि देशी मूठ. देशी मुठीत पातं राळ-लाखेने बसवलेलं असतं, गरम केलं की सुटतं. त्यामुळे जुन्या मुठीत कुठलंही पातं बसवता येतं. पात्यावर 'अँड्रिया फेरारा' कोरलंय म्हणून भुलू नका, ते नाव युरोपातल्या अनेक कारागिरांनी वापरलं. मुठीच्या तोंडाशी भिंग धरा: जुनी राळ काळपट, तडकलेली दिसते, नवा एपॉक्सी (कृत्रिम गोंद) गुळगुळीत, चकचकीत. जुना गंज काळसर आणि घट्ट असतो, ॲसिडने आणलेला नारिंगी, बोटाला लागणारा.

आता तुम्ही न विचारलेलं. तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या फोटोत विमा रक्कम १४ लाख दिसते. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर ते सगळे गृहकर्जात जातील, वर १४ लाखांचं कर्ज उरेल, आणि पत्नीला तलवारी विकाव्या लागतील. घेणाऱ्याला तिची नड लगेच कळेल. हा विमा नव्हे, एजंटाने गळ्यात मारलेली बचत आहे, तीही वाईट. वीस वर्षांत १४ लाख ४० हजार भरून शेवटी २६ लाख मिळणार, म्हणजे वर्षाला साडेपाच टक्केसुद्धा नाही.

या आठवड्यात एक कोटीच्या निव्वळ मुदत विम्याचा अर्ज भरा. हप्ता साधारण २०-२५ हजार धरा. तंबाखू, बीपी, काहीही लपवू नका, नाहीतर दावा तिथेच अडकतो. नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनीला हात लावायचा नाही. आली की जुनी पेड-अप करा, म्हणजे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवा. वीसपैकी पाच हप्ते भरलेत, तेव्हा साडेतीन लाखांचं संरक्षण राहील. नव्या विम्याचा हप्ता वजा जाता वर्षाला ४७ हजार सुटतील. महिन्याला चार हजार आवर्ती ठेवीत टाकले तर मुलीच्या प्रवेशापर्यंत पावणेतीन लाख जमतील. उरलेल्या फीसाठी शैक्षणिक कर्ज घ्या. सोनं मोकळं राहू दे.

संग्रह मोडू नका, तुमचा जीव आहे त्यात. पण वहीत प्रत्येक नगाची लांबी, वजन, खुणा, पावती लिहा. विल्किन्सन या इंग्रज कंपनीची असेल तर पात्याच्या पाठीवरचा क्रमांकही, त्यावरून साल निघतं. वही पत्नीला दाखवा. आणि आठांतली एक आत्ताच परवानाधारक पुरावस्तू विक्रेत्याकडे विकायला काढा. खात्यात जेवढे येतील त्या प्रमाणात बाकीच्या सातांची किंमत धरा, तोवर १८ लाख खोडून टाका.